अजिंठ्याला जाण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत पुतण्याच्या घरी दक्षिण कोरियातील जेजू बेटाच्या सहलीची आखणी चालली होती. विमानाची वेळ, हॉटेलचे अंतर, जैन भोजनाची सोय, सारे वहीत रकाने पाडून मांडलेले. पाहून समाधान वाटले. मग मनात आले, याच्या निम्मी तयारी आपण अजिंठ्यासाठी करतो का? जेजू बेट ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडले, तसाच अजिंठ्याचा काळा पाषाणही. पण ‘जवळच तर आहे’ म्हणून आपण गाडी काढतो आणि निघतो.

मीही एकदा तसाच निघालो होतो. निवृत्तीच्या सुमारास रविवारला एक रजा जोडली आणि आईला घेऊन अजिंठा गाठला. वार सोमवार होता. फर्दापूरच्या तिठ्यावर कळले की सोमवारी लेणी बंद असतात. आई म्हणाली, “असू दे, पुन्हा येऊ.” तो योग आला नाही. पुढे तिला पायऱ्या चढणे अशक्य झाले आणि तीन वर्षांनी ती गेली. जन्मभर इतरांच्या कर्जप्रकरणांतील तारखा तपासणाऱ्या मला स्वतःच्या घरचा एक वार पाहता आला नाही, ही खंत आजही आहे.

म्हणून पहिली नोंद वाराची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारी गर्दी. दोन्ही स्थळे नीट पाहायची तर बुधवार ते शुक्रवार हे दिवस उत्तम.

दुसरी नोंद ऋतूची. पावसाळ्यात वाघूर नदीची दरी हिरवीगार होते हे खरे. पण चातुर्मासात आपल्यापैकी अनेक जण प्रवास टाळतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर माघापर्यंतचा काळ आपल्याला सोयीचा. उन्हाळ्यात वृद्धांना नेऊच नये.

तिसरी नोंद अंतराची. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे 100 किलोमीटर, जळगावहून सुमारे 60. संभाजीनगरहून अडीच-तीन तास धरावेत. खासगी वाहने तिठ्याजवळच थांबतात; तेथून सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. पुढे पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात; दर आधी ठरवून घ्यावा.

चौथी नोंद चौविहाराची. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. दुपारी तीनला निघूनही सूर्यास्तापूर्वी संभाजीनगरला पोहोचून जेवण होईलच असे नाही. तेव्हा डबा सोबत घ्यावा आणि परतीच्या वाटेवर वेळेत सोडावा, नाहीतर मुक्काम फर्दापूरलाच करावा. दशम्या, खाकरे, कोरडी चटणी आणि गाळलेले पाणी एवढे पुरते.

आता पाहावे काय? लेणी एकूण तीस. ती सारी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. चित्रांसाठी 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांची. चैत्यगृहांपैकी 10, 19 आणि 26. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर दोन मिनिटे निमूट उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की रंग दिसू लागतात. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

बाराव्या लेण्यात मात्र आपण व्यापाऱ्यांनी अवश्य थांबावे. तेथील प्राचीन ब्राह्मी लेखात घनामदड नावाच्या एका वाणिजाने हे निवासस्थान दान दिल्याची नोंद आहे. लेणी बौद्ध भिक्खूंची, पण एका व्यापाऱ्याच्या द्रव्याने हे खोदकाम झाले. पेढीतील नफ्याचा काही भाग कोठे जावा, याचा तो दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आहे. घरातील तरुणांना तो मुद्दाम दाखवावा.

दुसरा दिवस वेरूळसाठी ठेवावा. सकाळी प्रथम 30 ते 34 ही जैन लेणी पाहावीत. इंद्रसभा म्हणून ओळखले जाणारे 32 क्रमांकाचे लेणे पाहण्यास घाई करू नये. सोळावे, कैलास लेणे पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे ते दुपारच्या उन्हात उजळते. तिसरा दिवस हाती असेल तर कचनेर येथील चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे.

गेल्या पौषात मी सुनेच्या आईला अजिंठ्याला नेले. वार गुरुवार होता, डबा सोबत होता, डोलीही ठरवली होती. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर त्या बराच वेळ बसून राहिल्या. मला माझी आई आठवली.

वाचकहो, परदेशाची तिकिटे पुन्हा काढता येतात. घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे मात्र आपल्या सवडीची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी एक गुरुवार आजच दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवा.