जिंकायचं काहीच नाही, तरी ओढ कशाची?

१९९८ साली प्लेस्टेशनवर ‘एलएसडी: ड्रीम एम्युलेटर’ हा जपानी गेम आला. ओसामु सातो यांनी तो हिरोको निशिकावा यांच्या स्वप्नांच्या डायरीवरून बनवला. यात फक्त फिरायचं. भिंतीला किंवा वस्तूला धडकलात की थेट दुसऱ्याच जगात! स्वप्न संपलं की ते कसं होतं याचा आलेख दिसतो, बस.

मग ओढ कशाची? मला वाटतं, अर्धवट कळण्याची. धडकल्यावर जग बदलणार हे पक्कं, पण कोणतं येईल ते सांगता येत नाही. सगळंच यादृच्छिक असतं तर आपण लगेच कंटाळलो असतो. (टीव्हीवरच्या मुंग्या तासभर कोण बघतं?) म्हणून कुतूहलावर प्रयोग आखताना नुसती ‘दृश्य किती विचित्र वाटलं?’ अशी प्रश्नावली देऊ नका. पुढे काय येईल ते खेळाडूला आधी विचारा, आणि त्याचा अंदाज किती वेळा चुकतो ते मोजा.