ठळक अक्षराचं अंग

रोमन लिपीतल्या जुन्या वळणाच्या ठळक अक्षरांना टोकांशी छोटे पाय असतात. देवनागरीत तसे पाय नसतात; इथे घाट येतो तो जाड-बारीक रेघांतून, तिरक्या कापलेल्या बोरूमुळे. या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो, म्हणून आपल्याकडे जाडी पडते ती डावीकडून उजवीकडे वर चढणाऱ्या रेघेवर.

हे वळण धातूत सर्वांत देखणं उतरलं ते मुंबईत, असं माझं ठाम मत आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी अक्षरं कोरली. संस्कृत ग्रंथांमुळे त्या अक्षरांचे खिळे देशभर ओळखले गेले.

अक्षर ठळक करायचं म्हणजे सगळ्या रेघा सारख्या फुगवायच्या नव्हेत. ‘क्ष’, ‘ष’, ‘भ’ यांच्या पोटातली पांढरी जागा मुळात थोडी. ती शाईनं बुजते. त्यात वर मात्रा, खाली उकार. त्यामुळे पोट मोकळं ठेवून शिरोरेघ बेतानंच वाढवावी लागते. असा टंक मथळ्याला शोभतो, सलग मजकुरात डोळ्यांना जड होतो.

निर्णयसागरचं वळण अलीकडे पुन्हा घडलं, पण ठळक अक्षराविना. बंगळुरूच्या रोहन मूर्ती यांच्या देणगीतून २०१० मध्ये हार्वर्डला ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ ही ग्रंथमाला उभी राहिली. तिच्या पुस्तकांसाठी फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी निर्णयसागरचा डौल समोर ठेवून देवनागरी टंक रेखाटला. त्यातूनच पुढे ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत टंक आला, मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’सह. त्यात साधं आणि तिरपं अक्षर आहे, ठळक नाही. मराठी मथळ्यांसाठी ते कुणीतरी घडवायलाच हवं.