दोन माईक, एकच उघडा

सकाळी ६ : कडोली, उचगाव, कारदगा... थंडी पडली की सीमाभागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. आज अशाच एका गावात आमचा साऊंड. टेम्पोतून सामान उतरवताना एकच बघतो, प्रत्येक वस्तूची जोडी आली का?

६.४५ : मांडवाच्या डाव्या-उजव्या बाजूला वेगळे अॅम्प्लिफायर. एक गेला तरी अर्धा मांडव ऐकतो. दोघांची लाईट वेगवेगळ्या बोर्डावरून. नाहीतर एका फ्यूजपायी दोन्ही जायचे.

७.३० : मेन स्वीच मुद्दाम पाडला. यूपीएसवर मिक्सर चालू राहिला. जनरेटर लावून चेंजओव्हर फिरवायला पोराला दीड मिनिट लागलं. हे दीड मिनिट भरून काढणं, हेच आजचं माझं काम.

८.१५ : ग्रंथदिंडी. ट्रॅक्टरवर भोंगा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर. दिंडी परतली की तो स्टेजमागे जातो, भोंगा मांडवाच्या मागच्या खांबावर.

१०.३० : उद्घाटन. पोडियमवर दोन माईक. पाहुणे दोन्ही तोंडापुढे ओढतात, उघडा एकच. दोन्ही उघडले तर आवाज पोकळ होतो, शिट्टीही लवकर वाजते. दुसऱ्याची वायर मिक्सरकडे जातच नाही, थेट बॅटरीवाल्या अॅम्प्लिफायरला. मिक्सरच बसला तर त्याच मिक्सरमधून जाणारा दुसरा माईक काय कामाचा?

११.२० : अध्यक्ष १९५६ च्या प्रांतरचनेवर आले आणि लाईट गेली. पोरगा जनरेटरकडे पळाला, मी दुसरा माईक उघडला. मागच्या खांबावरून पत्र्यासारखा आवाज निघाला. पण शब्द कळत होते. अध्यक्ष थांबले नाहीत. जनरेटर यायच्या आत मिक्सरचा मास्टर खाली घेतला, नाहीतर बॉक्स धाडकन वाजतात.

दुपारी १.३० : पंगत. आधी बॅटरी चार्जिंगला, मग आपण. कॉर्डलेसचे सेल निम्मे शिल्लक होते, तरी बदलले.

४ : कथाकथन. कथाकार फिरून बोलणारे, म्हणून हातात कॉर्डलेस. स्टेजच्या कडेला वायरचा माईक उभा. कॉर्डलेस खरखरला, तसे ते कथेतल्या म्हाताऱ्यासारखे वाकत वायरच्या माईकपाशी गेले. लोकांना तो अभिनयच वाटला.

रात्री ९.४० : कविसंमेलन लांबलंय. दहाला लाऊडस्पीकर बंद, २००० सालचा नियम. सूत्रसंचालकांना घड्याळ दाखवलं.

१०.३० : सामान भरताना पोरगा म्हणाला, "अण्णा, जोड्या पुऱ्या आहेत." एक वायर हलवली की आवाज तोडत होती. तिला लाल टेप गुंडाळून वेगळी टाकली. "आता मोज."

"एक कमी."

"हां, आता बरोबर."