संग्रहांच्या देवाणघेवाणीतील नामसातत्य : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
एका ग्रंथालयाने आपल्या निवडक ग्रंथांची सूची दुसऱ्या ग्रंथालयास दिली की, तिच्यासोबत नावे लिहिण्याची पद्धतही जाते. दोन्हीकडील पद्धती भिन्न असल्यास सूची एकत्र करताच एका ग्रंथकाराचे तीन-चार ग्रंथकार होतात आणि अभ्यासकाच्या हाती त्याचे अर्धेच लेखन लागते. स्थानिक इतिहासाच्या संग्रहांत हा धोका अधिक संभवतो. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप यवतमाळ जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

ग्रंथकाराचे नाव :
वणी येथे १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी अणे हे 'लोकनायक', 'बापूजी अणे', 'मा. श्री. अणे' अशा विविध नावांनी परिचित आहेत. इंग्रजी ग्रंथांत ते 'एम. एस. अणे' होतात. लोकमान्य टिळकांवरील त्यांच्या संस्कृत महाकाव्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. संस्कृत नियमानुसार तेथे 'श्रीहरि' ऱ्हस्वान्त होते. वाचकाने केवळ 'बापूजी अणे' असा शोध घेतल्यास हे महाकाव्य त्याला सापडेलच असे नाही. याकरिता मार्क २१ या नोंदपद्धतीत स्वतंत्र अधिकृत नामनोंद असते. तिच्या १०० या क्षेत्रात स्वीकृत नाव, तर ४०० या क्षेत्रात पर्यायी रूपे दिली जातात. पर्यायी रूप पुसून टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे. वाचक त्याच रूपाने ग्रंथ शोधत येत असतो.

क्रमांक आणि नाव :
हाच प्रश्न संगणकीय खेळांच्या क्षेत्रातही उद्भवतो, आणि तेथील उत्तर उद्बोधक आहे. मूळ खेळात भर घालणारे, बहुधा खेळणाऱ्यांनीच तयार केलेले भाग 'मॉड' म्हणून ओळखले जातात. त्यांचे निवडक संच परस्परांना दिले जातात. 'स्टीम वर्कशॉप'वर प्रत्येक मॉडला कायम क्रमांक असतो, त्यामुळे निर्मात्याने शीर्षक बदलले तरी संच मोडत नाही. 'फॅक्टोरिओ' या खेळात मॉडचे अंतर्गत नाव आणि दर्शनी शीर्षक वेगवेगळे नोंदविले जाते. एका मॉडला दुसऱ्याची गरज असल्यास ती अंतर्गत नावानेच सांगितली जाते. अंतर्गत नाव बदलले, तर खेळाच्या दृष्टीने तो नवाच मॉड ठरतो. अनेक देशांतील नामनोंदी एका क्रमांकाखाली जोडणाऱ्या, २००३ साली आरंभ झालेल्या 'व्हायफ' या उपक्रमामागेही हेच तत्त्व आहे.

लिपीचा प्रश्न :
मराठीत आणखी एक अडचण आहे व ती डोळ्यांना दिसत नाही. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे साधता येतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त देऊन, अथवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. छापील पानावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द असतात. यूनिकोडच्या ठरावीक सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत. म्हणून सूची पाठविण्यापूर्वी एक रूप ठरवून संपूर्ण सूचीत तेच वापरावे लागते.

स्थलनामे :
'यवतमाळ' या नावाची जुनी रोमन वर्तणी आजच्या वर्तणीहून वेगळी आहे. ती पर्यायी रूप म्हणून नोंदविणे पुरेसे होय. 'वणी जिल्हा' मात्र तसा नाही. १८६४ साली आग्नेय वऱ्हाड म्हणून निर्माण झालेला जिल्हा पुढे वणी या नावाने ओळखला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत त्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका त्यात आला. सीमाच बदलल्याने हे केवळ नामांतर उरत नाही. येथे दोन स्वतंत्र नोंदी करून 'पूर्वीचा' व 'नंतरचा' असा संबंध दर्शविणे योग्य ठरते. शिवाय वणी हे याच जिल्ह्यातील आजचे तालुक्याचे गाव आहे आणि नाशिक जिल्ह्यातही सप्तशृंगी गडाजवळ एक वणी आहे. या तिन्ही नोंदींना स्वतंत्र क्रमांक द्यावे लागतात, आणि एखादी नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीस देता येत नाही. कारण पूर्वी पाठविलेल्या सूचींत तो तसाच राहिलेला असतो.