वरळीचा ओरिजिनल रहिवासी

वरळीत वन बीएचकेचं भाडं ऐकून आपल्याला घाम फुटतो. तिथेच एक महाशय साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी फुकटात राहून गेलेत. नाव इंडोबॅट्रॅकस पुसिलस. जात बेडकाची, आता नामशेष.

ओळख झाली ती ऑफिसच्या खिडकीतून. परळला आमच्या समोर टॉवरचा पाया खणतायत. त्यातून निघणारा काळा दगड बघत चारचा चहा प्यायचा, हा माझा रोजचा टाइमपास. हा दगड कुठून आला, म्हणून वाचायला घेतलं आणि अडकलेच.

दगड म्हणजे बसाल्ट, थिजलेला लाव्हा. पण लाव्हा काही रोज वाहत नव्हता. मध्ये लांबलचक सुट्ट्या असायच्या. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचायचं, झाडं वाढायची, बेडूक-कासवं नांदायची, तळाशी बारीक गाळ बसायचा. मग पुन्हा लाव्हा आणि सगळ्यावर झाकण! त्या गाळाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा काळा दगड झाला. बेडकाची हाडं काडीसारखी, एरवी टिकतच नाहीत. इथे मात्र सांगाडेच्या सांगाडे छापल्यासारखे राहिले.

वरळीच्या टेकडीपाशी ते सापडले आणि १८४७ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी बारसं केलं, राना पुसिला. (‘डायनोसॉर’ हा शब्दही यांचाच.) पुसिला म्हणजे चिमुकली. १९३० मध्ये अमेरिकेच्या जी. के. नोबल यांनी या बेडकाला ‘राना’तून बाहेर काढून स्वतंत्र प्रजाती दिली. त्यांना त्याचे नातेवाईक दिसले ते थेट ऑस्ट्रेलियात!

कुठे वरळी, कुठे ऑस्ट्रेलिया? तर बॉस, तेव्हा भारत आशियाला चिकटलेलाच नव्हता. गोंडवनातून सुटून उत्तरेकडे सरकणारं ते एक भलंमोठं बेट होतं. म्हणजे उडी बेडकाने मारली नाही, जमीनच निघाली होती प्रवासाला. नेमक्या नात्यावरून तज्ज्ञांचे वाद आहेत, ते असोत. आपण सात बेटांच्या मुंबईचं कौतुक सांगतो, त्यातलं एक वरळी. हा पठ्ठ्या त्याच्या कितीतरी आधीचा बेटकरी.

गेल्या शनिवारी मुद्दाम वरळीला गेले. टेकडीवर इमारती, खालीही इमारती. खरं सांगू, चिडचिड झाली. लालबाग, परळ, वरळी, जिकडे तिकडे खोल खोल खड्डे. दगड डंपरमध्ये भरून रातोरात गायब. त्यातून दुसरा इंडोबॅट्रॅकस गेला तर कळणार कुणाला? काँक्रीट ओतण्याआधी जिऑलॉजीच्या दोन पोरांना अर्धा दिवस आत सोडलं तर बिल्डरचं काय जाणार आहे?

एका साइटच्या गेटवर वॉचमनकाकांना विचारलं, इथे पूर्वी बेडूक सापडले होते, माहितीये?

‘पावसात या मॅडम,’ काका म्हणाले, ‘भरपूर दिसतात.’