किळस आली, पण सांगायची कशी?

किळस व्यक्त करायला भाषा शिकावी लागत नाही, असा आपला समज असतो. ताटात केस निघाला की तोंडातून 'शी!' बाहेर पडतेच. परंतु परभाषेत तीच किळस सांगायची वेळ आली की भल्याभल्यांची फजिती होते. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील स्पॅनिश भाषकांची गोष्ट आम्हा सीमावासीयांनी ऐकण्याजोगी आहे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला. माणसे होती तिथेच राहिली, सरहद्द तेवढी त्यांच्या दक्षिणेला सरकली. हे दुखणे आपल्याला निराळे समजावून सांगायला नको. घरात स्पॅनिश आणि शाळा-कचेरीत इंग्रजी, असा तेथील अनेक कुटुंबांचा व्यवहार आजही आहे.

स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मे दा आस्को'. शब्दशः अर्थ, 'ते मला किळस देते'. आपणही 'मला किळस येते' असेच म्हणतो. किळस बाहेरून येते, आपण नुसते धनी. इंग्रजीत मात्र 'मी'ला पुढे यावे लागते: 'आय अ‍ॅम डिस्गस्टेड'. आणि घाईत 'डिस्गस्टेड'च्या जागी 'डिस्गस्टिंग' गेले की 'मी किळसवाणा आहे' असा अर्थ होतो! समजा, खानावळीत आमटीत झुरळ निघाले. गिऱ्हाईक तावातावाने उठते आणि चारचौघांत स्वतःलाच किळसवाणे ठरवून मोकळे होते. झुरळ राहते बाजूला.

हा झाला हसण्यावारी नेण्याचा प्रकार. दुसरा खड्डा याहून खोल आहे. इंग्रजी 'डिस्गस्ट' आणि स्पॅनिश 'दिसगुस्तो' यांचे मूळ एकच, चव या अर्थाचा लॅटिन शब्द. आपल्या 'अरुची'सारखेच म्हणा ना. पण स्पॅनिशमध्ये 'दिसगुस्तो' म्हणजे मनस्ताप, वाईट वाटणे. मुलगा नापास झाला म्हणून खट्टू झालेली आई 'एस्तोय दिसगुस्तादा' म्हणते, त्यात गैर काही नाही. तीच माउली शाळेत जाऊन इंग्रजीत 'डिस्गस्टेड' म्हणाली, तर शिक्षिकेला वाटणार, या बाईला पोटच्या पोराची किळस येते! तिला म्हणायचे असते 'अपसेट'. एका शब्दापायी आईविषयी केवढा गैरसमज!

उद्गारांचे तंत्र आणखी वेगळे. मेक्सिकोत पोरेटोरे 'फुची', 'ग्वाकाला' म्हणून नाक मुरडतात. २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी गुन्हेगारांना उद्देशून हेच दोन शब्द जाहीरपणे वापरले होते. इंग्रजीतले 'यक्' आणि 'ईऽयू' हे त्याच जातीचे, घरगुती. यजमानाच्या ताटाकडे पाहून ते उच्चारायचे नसतात. पदार्थ रुचला नाही तर इंग्रज पाहुणा 'इट्स नॉट रिअली फॉर मी' एवढेच पुटपुटतो आणि पाण्याचा पेला जवळ ओढतो.