मोठ्या शेडमध्ये पिलांना ऊब कशी द्यावी?

कागल व हातकणंगले तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रात उंच, लांबरुंद पत्र्याच्या शेड आहेत. कुक्कुटपालनाच्या शेडही लांब, पत्र्याच्या, आणि बाजूंनी जाळीच्या असतात. थंडीत दोहोंची अडचण एकच. आत उष्णता निर्माण करावी, तर ती छपराकडे चढते आणि फटींतून व जाळीतून निघून जाते. कामगार अंगात स्वेटर घालून वेळ निभावून नेतो. एक दिवसाच्या पिलास तेही शक्य नाही. त्याच्या अंगावर केवळ लव असते व पहिले सुमारे दोन आठवडे त्यास स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यास सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे 3 अंशांनी कमी करीत न्यावी.

सर्व शेड तापवावी काय?

30 मीटर लांब, 9 मीटर रुंद व सरासरी 3 मीटर उंच शेडमध्ये 810 घनमीटर हवा असते. ती 15 अंशांवरून 30 अंशांवर नेण्यास सुमारे 4 युनिट विजेइतकी उष्णता लागते. परंतु उघड्या शेडमधील हवा स्थिर नसते. ती तासात दहा वेळा बदलली, तर तासास 40 युनिट खर्ची पडतील. याउलट दर पिलामागे 2 वॅट हे रूढ प्रमाण धरल्यास 1,000 पिलांना 250 वॅटचे आठ दिवे, म्हणजे तासास अवघे 2 युनिट पुरतात. कारण हे दिवे हवेऐवजी पिलांना व खालच्या तुसाला ऊब देतात. उन्हात उभे राहिले असता गार वाऱ्यातही अंग तापते, तसाच हा प्रकार होय. तेव्हा जागा नव्हे, जीव तापवावा, हे तत्त्व ध्यानी ठेवावे.

साधने

इन्फ्रारेड दिवा हलका असून कोठेही टांगता येतो. तो तुसापासून 45 ते 60 सेंटिमीटर उंचीवर साखळीने टांगावा; केवळ वायरीवर लोंबकळत ठेवू नये. ऊब कमी-जास्त करण्यासाठी साखळी लांब-आखूड करावी. वीज गेली की दिवा निरुपयोगी ठरतो, म्हणून दुसरे साधन तयार असावे.

गॅस ब्रूडरला वीज लागत नाही. सिलिंडर शेडबाहेर उभा ठेवावा व नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. ब्रूडर उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच टांगावा. गॅस जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. हवा खेळती नसेल तर तूस ओलसर होते आणि त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो.

कोळशाची शेगडी किंवा बुखारी स्वस्त वाटते, पण तीत मोठा धोका आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. धुराडे छपराबाहेर नेल्यावाचून बुखारी वापरू नये. उघडी शेगडी पेटवून व पडदे बंद करून शेडमध्ये कोणीही झोपू नये. डोके दुखणे, भोवळ, मळमळ ही लक्षणे दिसताच त्या माणसास मोकळ्या हवेत आणून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

वारा अडवावा, हवा अडवू नये

पिले येण्यापूर्वी 24 तास ब्रूडर सुरू करावा, म्हणजे तूस तळापर्यंत तापते. भाताच्या तुसाचा 5 ते 7 सेंटिमीटर थर द्यावा. सुमारे 250 पिलांमागे एक याप्रमाणे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे उभे करावे. त्यामुळे जमिनीलगतचा वारा अडतो आणि कोपरा नसल्याने पिले एकावर एक चढून दबत नाहीत. जाळीस गोणपाटाचे पडदे लावावेत, पण ते खालून वर ओढले जातील व माथ्याशी फट राहील असे बांधावेत. त्या फटीतून दूषित हवा निघून जाते. पडदे आणि कोरडे तूस दिव्यापासून दूर ठेवावेत.

पिलांचे वर्तन हाच खरा मापक

तापमापक पिलांच्या पाठीच्या उंचीवर, तुसापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर टांगावा. तथापि पिलांकडे पाहणे अधिक महत्त्वाचे. पिले दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील, तर ऊब कमी आहे. ती कड्याच्या काठाशी जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त आहे. सर्व एकाच बाजूस दाटली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा शिरत आहे. कड्यात सर्वत्र पांगून खात-पीत वा निजत असतील, तर व्यवस्था योग्य आहे.

कोल्हापूर भागात डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन असले, तरी पहाटेचा पारा साधारणतः 14-15 अंशांपर्यंत, आणि काही रात्री त्याहूनही खाली उतरतो. दुपारची व्यवस्था पहाटे पुरत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांबरोबर एकदा तरी पहाटे शेडमध्ये जावे व वारा कोठून शिरतो ते प्रत्यक्ष दाखवावे. एक फट वेळीच बुजविल्याने जितकी पिले वाचतील, तितकी चार दिवे वाढवूनही वाचणार नाहीत.